सोडायचं ते कोरिया की क्लास?

पत्राचा सारांश: वाचक २७ वर्षांच्या. जन्म नाशिकचा. नऊ वर्षांच्या असताना कुटुंब कॅनडात स्थायिक झालं, पासपोर्टही तिथलाच. गेले दहा महिने दक्षिण कोरियातल्या छांगवॉन शहरात, मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या एका खाजगी क्लासमध्ये नोकरी. दुपारी दीड ते रात्री नऊ काम, महिना २४ लाख वॉन पगार, राहायला क्लासनेच दिलेली एक खोली. करार एका वर्षाचा. संचालिकाबाई म्हणतात, ‘आणखी एक वर्ष थांब, तू तर आता घरचीच.’ उत्तर शुक्रवारपर्यंत हवं आहे. पण दोन महिन्यांपूर्वी एका मुलाच्या आईने ‘आम्हाला खरी इंग्रजीची शिक्षिका हवी’ असं सांगून मुलाला गोऱ्या शिक्षकाच्या वर्गात हलवून घेतलं, आणि बाईंनी काही न बोलता ते होऊ दिलं. तेव्हापासून मन उडालं आहे. शाकाहारी असल्याने सहकाऱ्यांबरोबर जेवायला जाणं टळत गेलं, रात्री खोलीवर एकटीने खायचं. कॅनडातल्या मिसिसागाहून आईबाबा विचारतात, ‘एबीसीडी शिकवणं हे काय करिअर आहे?’ प्रश्न असा: ‘कोरियन लोक आपल्याला कधीच जवळ करत नाहीत हे मला कळून चुकलंय. वर्ष वाया गेलं. करार पुरा न करताच निघून जाऊ, की सही करून आणखी एक वर्ष ढकलू?’

*

तुला ‘तू’च म्हणते. पत्राच्या सुरुवातीला ‘ताई’ लिहिलंयस, आणि माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, बाई गं, ये निघून. दुसऱ्यांदा मात्र पेन्सिल घेऊन बसले. ‘कोरिया’ हा शब्द तू अकरा वेळा लिहिलायस. त्यातल्या नऊ ठिकाणी मी तो खोडला आणि तिथे ‘आमचा क्लास’ असं लिहून पाहिलं. वाक्याचा अर्थ तसूभरही बदलला नाही. ‘कोरियात ताप असला तरी उभं राहून शिकवावं लागतं.’ ‘कोरियात कुणी बरं म्हणत नाही, फक्त आयांच्या तक्रारी तेवढ्या कळवतात.’ ‘कोरियात रविवारीसुद्धा मेसेज येतात.’ हा देश आहे की एका इमारतीचा तिसरा मजला?

त्या इमारतीतल्या संस्थेला कोरियनमध्ये काय म्हणतात ते तुला माहीत आहे. मी इथे ‘क्लास’च म्हणणार आहे, कारण तो कोरियन शब्द देवनागरीत लिहिला की जेवताना सदर वाचणाऱ्यांची पंचाईत होते. शिवाय ‘क्लास’ म्हटलं की मराठी माणसाला वेगळं काही समजवावं लागत नाही. शाळा सुटली की क्लास, तो सुटला की दुसरा क्लास, भिंतीवर गुणवंतांचे फोटो, आणि पोरगं एका टेस्टमध्ये घसरलं की आईचा फोन. मी स्वतः लग्नाआधी चार वर्षं सोलापुरात अशा एका क्लासमध्ये दहावीचं इंग्रजी शिकवलंय. आमचे सरही म्हणायचे, ‘तुम्ही तर घरच्याच.’ हे वाक्य ऐकलं की त्या महिन्याचा पगार लांबणार हे आम्हाला कळायचं. कोरियातसुद्धा नोकरीच्या जाहिरातीत ‘कुटुंबासारखं वातावरण’ असं छापतात आणि तिथली तरुण मंडळी ते वाचून हसतात. ही चेष्टा तुझ्यापर्यंत पोचलेली दिसत नाही. का पोचली नाही, त्याकडे येतेच.

आधी त्या आईचं आणि संचालिकाबाईंचं बघू, कारण तुझ्या पत्रातली खरी जखम ती आहे. बाकी सगळी कारणं तिच्याभोवती नंतर जमलीत.

तू ज्या धंद्यात आहेस त्याचा आकार बघ. २०२४ साली कोरियातल्या पालकांनी शाळकरी मुलांच्या खाजगी शिकवण्यांवर २९.२ लाख कोटी वॉन घातले. हे सगळं ज्या दिवसासाठी चालतं तो दिवस नोव्हेंबरातला एक गुरुवार, सुनुंग या विद्यापीठ-प्रवेशपरीक्षेचा. त्या दिवशी शेअर बाजार तासभर उशिरा उघडतो, उशीर झालेल्या पोरांना पोलीस आपल्या गाडीतून परीक्षेला पोचवतात, आणि इंग्रजीची श्रवणपरीक्षा चालू असताना सुमारे ३५ मिनिटं देशभरात एकही विमान उडत नाही की उतरत नाही. ज्या देशात इंग्रजीसाठी आभाळ गप्प करतात, तिथली आई तुझ्या वर्गाच्या काचेतून डोकावते तेव्हा ती काय बघत असेल? तुझं शिकवणं बघायला तिला इंग्रजी यावं लागेल. ते बहुधा पुरेसं येत नाही, म्हणून तर ती पैसे भरते. मग ती जे दिसतं तेच बघते.

आणि संचालिकाबाई? २०२३ साली कोरियातला जननदर ०.७२ वर आला होता, म्हणजे एका बाईमागे सरासरी एक मूलसुद्धा नाही. पोरंच कमी, त्यामुळे प्रत्येक क्लास दुसऱ्याच्या पोरांवर डोळा ठेवून असतो. एक आई गेली की सोबत तिच्या तीन मैत्रिणी जातात, हे बाईंना झोपेतही ठाऊक असणार. त्या घाबरल्या. मी हे सांगते ते कारण कळावं म्हणून. त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. त्यांनी त्या आईला एवढं तरी म्हणायला हवं होतं की ‘माझी शिक्षिका मी निवडलेली आहे, एक महिना बघा.’ तेवढंही त्या बोलल्या नाहीत, ही त्यांची चूक आणि ती लहान नाही. कायद्याचा आधार शोधशील तर तोही फार भक्कम नाही. सगळ्या प्रकारच्या भेदभावाला बंदी करणारा एकसंध कायदा करायचा प्रयत्न तिथे २००७ पासून चालला आहे आणि दर वेळी तो बारगळतो. तेव्हा या प्रकरणात न्याय मिळेल अशी आशा मी तुला दाखवणार नाही.

पण त्या आईचा ‘खरी’ हा शब्द तू उचलून स्वतःच्या कपाळावर का चिकटवलास? पत्रात लिहितेस, ‘कधी कधी वाटतं, त्यांचंही बरोबर असेल, मी नऊ वर्षांपर्यंत मराठीच बोलत होते.’ अगं, ‘खरी’ कोण हे कोरिया सरकार कसं ठरवतं ते तूच आठव. क्लासमध्ये इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. दक्षिण आफ्रिकेतल्या बहुसंख्य लोकांची घरची भाषा झुलू, खोसा, आफ्रिकान्स असते, इंग्रजी नव्हे. ते चालतात. सिंगापूरची जन्मापासून इंग्रजी बोलणारी बाई चालत नाही. म्हणजे जिभेची परीक्षा तिथे कुणी घेतच नाही, सगळा मामला पासपोर्टचा. आणि पासपोर्टच्या हिशेबात तू आणि तो शेजारच्या वर्गातला गोरा मुलगा रतीभर वेगळे नाहीत. उलट तुझ्याकडे एक जादा गोष्ट आहे जी त्याच्याकडे नसावी. चौथीच्या वर्गात भाषा न कळता मागच्या बाकावर बसणं म्हणजे काय, हे तुला आठवतं. मिसिसागात तू तेच केलंस. शिकवताना याचा उपयोग किती होतो हे त्या आईला सांगून पटणार नाही, पण तुला तरी माहीत असू दे.

पोरांच्या प्रश्नांची मात्र या अपमानाशी गल्लत करू नकोस. दुसरीतली मुलगी ‘टीचर, हात काळे का?’ विचारते ते कुतूहल. तीच तुझं वय, वजन आणि नवरा आहे का हेही विचारत असेल. सरळ उत्तर दे: आमच्याकडे ऊन फार, आजीचे हात असेच आहेत. आणि छांगवॉनमध्ये असल्याचा एक फायदा तू अजून घेतलेला नाहीस. शेजारचं गाव गिमहे. ‘सामगुक युसा’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात कथा आहे की इसवी सन ४८ मध्ये ‘आयुता’ नावाच्या दूरच्या राज्यातून समुद्रमार्गे एक राजकन्या आली आणि तिने तिथल्या सुरो राजाशी लग्न केलं. ती हो ह्वांग-ओक राणी. तिची समाधी गिमहेत आहे. बरेच जण आयुता म्हणजे अयोध्या मानतात, इतिहासकारांना तेवढी खात्री नाही. पण गिमहेचे किम हे कोरियातलं सगळ्यात मोठं कूळ, आणि ते स्वतःला याच जोडप्याचे वंशज समजतात. तुझ्या वर्गात किम आडनावाची पाच-सहा पोरं तरी असतीलच. त्यांना एकदा सांगून बघ, ‘मी तुमच्या पणजीच्या माहेरची.’ दंतकथा म्हणूनच सांग, पण सांग. गोष्ट त्यांनी घरी ऐकलेली असेल, फक्त तुझ्याशी जोडून पाहिलेली नसेल.

आता ‘कोरियन लोक कधीच जवळ करत नाहीत.’ हे वाक्य तू ठामपणे, ‘कळून चुकलंय’ असं म्हणून लिहिलंस. आणि पुढच्याच पानावर, कंसात, जणू काही महत्त्वाचं नाही अशा थाटात दोन गोष्टी टाकल्यास. मी त्या तशाच उतरवते (किंबाप म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेला भाताचा रोल). पहिली: ‘(खालच्या किंबापवाल्या बाई आता मला बघितलं की न सांगता हॅम वगळून रोल करायला घेतात.)’ दुसरी: ‘(पाचवीतला एक मुलगा रोज सहा वाजता जिन्यात बसून दुकानातला त्रिकोणी भात खातो आणि रोज मला एकच विचारतो, टीचर, बाप मोगोस्सोयो? इंग्रजीत विचार म्हटलं की गप्प बसतो.)’

‘बाप मोगोस्सोयो’ म्हणजे काय ते तुला शब्दशः कळलंय, ‘भात खाल्लात का?’ पण तू ते इंग्रजीच्या बाईच्या कानांनी ऐकलंस. नाशिकच्या कानांनी ऐक. ‘जेवलात का?’ तुझी आजी दारात आलेल्या कुरिअरवाल्यालासुद्धा हेच विचारत असेल. तो मुलगा संध्याकाळी सहा वाजता, दोन क्लासच्या मध्ये, थंड भाताचा त्रिकोण हातात धरून बसलाय आणि तुझ्या जेवणाची चौकशी करतोय. याला जवळ करणं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तो इंग्रजीत गप्प बसतो, कारण इंग्रजीत हा प्रश्न प्रेमाने विचारायची सोयच नाही.

आणि त्या किंबापवाल्या बाई. दहा महिन्यांत तू त्यांना कशी हाक मारलीस? पत्रावरून वाटतं, मारलीच नाहीस. बोट दाखवतेस आणि ‘कामसाहामनिदा’ (थँक्यू) म्हणतेस. तिथे अशा बाईंना ‘इमो’ म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण. मावशी! आपण शाळेत, दवाखान्यात, डबा पोचवणाऱ्या बाईंना म्हणतो तीच मावशी. अनोळखी माणसाला नात्याने हाक मारायची पद्धत, थोरल्यांचं नाव न घेणं, समोरच्याच्या मानाप्रमाणे क्रियापद बदलणं, हे सगळं तुझ्या कॅनेडियन सहकाऱ्यांना पुस्तकातून शिकावं लागतं. तुझ्या अंगात ते आहे. कोरियन वाक्यसुद्धा आपल्यासारखंच चालतं, कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद. शब्दाला ‘ला’, ‘ने’, ‘चा’ चिकटावेत तसे त्यांचेही प्रत्यय चिकटतात. वडलांना पोरं ‘अप्पा’ म्हणतात, आणखी काय हवं? (तो योगायोग आहे, त्यावरून कुणी भाषांचं गोत्र काढू नये.) आणि तरी दहा महिन्यांत तुला, तुझ्याच शब्दांत, ‘आकडे आणि थँक्यू’ येतं. वर म्हटलं ना, ‘कुटुंबासारखं वातावरण’ची चेष्टा तुझ्यापर्यंत का पोचली नाही, ती यामुळे.

इथे मी तुला जरा रागावणार आहे. दीड वाजता काम सुरू होतं. सकाळ सगळी तुझी. ती तू अकरापर्यंत झोपून आणि मग कॅनडातल्या मैत्रिणी जाग्या आहेत का बघत घालवतेस, असं तूच लिहिलंस. पहिले तीन महिने समजू शकते. दहाव्या महिन्यात नाही. हांगुल ही कोरियन लिपी आठवड्याभरात वाचता येते, राजा सेजोंगने पंधराव्या शतकात ती साध्या माणसाला शिकता यावी म्हणूनच घडवली. पुढचं शिकायला कोरियाच्या न्याय मंत्रालयाचा सामाजिक एकात्मता कार्यक्रम आहे, शून्य ते पाच अशा पायऱ्यांचा. पुढेमागे जास्त मुदतीचा व्हिसा घ्यायचा झाला तर त्या पायऱ्यांचे गुणही धरले जातात. नाव नोंदव. तिथे तुला व्हिएतनामहून लग्न होऊन आलेल्या सुना भेटतील, कारखान्यात काम करणारे नेपाळी भेटतील. क्लासबाहेरची तुझी पहिली ओळख कोरियन माणसाशी न होता त्यांच्याशीच होण्याची शक्यता जास्त. होऊ दे.

शाकाहाराचं थोडक्यात सांगते, कारण हा प्रश्न मला परदेशातून नेहमी येतो. कोरियात निव्वळ शाकाहारी राहणं खरंच कठीण. किमचीत, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या भाजीत, बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस, आणि साध्या दिसणाऱ्या रश्श्यात सुक्या मासळीचं पाणी. सहकाऱ्यांबरोबरची जेवणं त्यामुळे टाळू नकोस. आधी पोटात काहीतरी टाकून जा, तिथे भात, अंडं, पालेभाजी खा आणि गप्पांना बस. बोलावणं असतं ते बसण्याचं. दुसऱ्याच्या पेल्यात दोन्ही हातांनी ओतायचं, एवढं केलंस तरी तू टेबलावर आलीस. गिमहेच्या दोंगसांग-दोंग भागात परदेशी मजुरांमुळे आशियाई किराणा दुकानं झालीत, डाळ-मसाल्याची सोय तिथे होईल. आणि एखादा शनिवार-रविवार यांगसानच्या तोंगदोसा मठात राहून ये. बौद्ध मठांतलं जेवण शाकाहारी असतं, कांदा-लसूणसुद्धा नसतो. नाशिकच्या जैन शेजाऱ्यांची आठवण येईल.

तर आता शुक्रवार.

‘करार पुरा न करताच निघून जाऊ’ हा पर्याय मी खोडते, आणि भावनेने नव्हे, हिशेबाने. कोरियात एकाच मालकाकडे सलग एक वर्ष पूर्ण केलं की साधारण महिन्याभराच्या सरासरी पगाराइतकी रक्कम निघताना द्यावीच लागते. ती चांगुलपणाची भेट नव्हे, कायदा आहे. नोकरी सुटल्यापासून चौदा दिवसांत ती मिळायला हवी. वर्षाला एक दिवस कमी असला तरी हातात शून्य. तू दहाव्या महिन्यात निघालीस तर बाईंना साधारण २४ लाख वॉन तू बक्षीस देऊन जातेस. ज्यांच्यावर चिडलीस त्यांनाच!

शिवाय राष्ट्रीय पेन्शनचे पैसे. पगाराचे साडेचार टक्के तुझे आणि तेवढेच मालकाचे जमा व्हायला हवेत (२०२६ पासून हा हप्ता वाढू लागला आहे). सगळ्या देशांच्या नागरिकांना ते परत मिळत नाहीत, पण कॅनडाच्या नागरिकांना देश सोडताना एकरकमी मिळतात. ते जमा होतात का, हे तू बघितलंयस का? पगाराची चिठ्ठी काढ. पेन्शन आणि आरोग्यविमा अशा ओळी दिसल्या तर ठीक. नुसती ३.३ टक्के कपात दिसली तर क्लासने तुला कागदोपत्री नोकर न दाखवता स्वतंत्र व्यावसायिक दाखवलंय. ही तिथल्या क्लासवाल्यांची जुनी खोड आहे. ठरलेल्या वेळी, त्यांच्या जागेत, त्यांच्या पुस्तकातून शिकवणारी बाई स्वतंत्र व्यावसायिक कशी असेल? पेन्शनच्या स्थानिक कार्यालयात ओळखपत्र घेऊन गेलीस तर कोणत्या महिन्यात किती भरलं याचा उतारा देतात. हे काम याच आठवड्यात कर, शुक्रवारच्या आधी. कामगार खात्याचा मदत-क्रमांक १३५०, इमिग्रेशनचा १३४५. दोन्हीकडे इंग्रजीत बोलता येतं. रजेचंही तिथेच विचार: पाच किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पहिल्या वर्षी पूर्ण हजेरीच्या दर महिन्यामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. ‘कोरियात रजा मिळत नाही’ हे तू देशावर ढकललंस. ते बहुधा तुझ्या बाईंचं कर्तृत्व आहे.

म्हणजे दोन महिने काढायचे, हे ठरलं. पुढे काय, याचे मला तीन रस्ते दिसतात आणि तिन्ही सारखे चांगले नाहीत.

त्याच क्लासमध्ये, त्याच अटींवर सही करणं हा सगळ्यात वाईट. तुझं सगळं एकाच खुंटीला टांगलेलं आहे. व्हिसा क्लासचा, खोली क्लासची, फोन बाईंच्या ओळखीने घेतलेला, जेवणाची वेळ क्लासच्या वेळापत्रकावर, ओळखीची माणसं फक्त शिक्षक-खोलीतली. म्हणून एका आईच्या एका शब्दाने तुझा अख्खा देश हलला. थांबायचंच असेल तर अटी बदलून थांब: खोलीऐवजी घरभाडं रोख माग आणि स्वतःची खोली घे. अनामत रकमेपोटी काही दशलक्ष वॉन अडकतील, ती सोय आधी बघ. रजेचे दिवस करारात आकड्याने लिहून घे. आणि एक अट तोंडी, पण स्पष्ट: पुन्हा कुणी पालक ‘खरी’ शिक्षिका मागायला आले तर तुम्ही काय म्हणाल? हे विचारताना बाईंचा चेहरा बघ. उत्तरापेक्षा तो जास्त सांगेल.

दुसरा रस्ता, कोरियातच पण दुसरीकडे. सरकारी शाळांत परदेशी शिक्षक नेमण्याचा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे. वेळ साधारण साडेआठ ते साडेचार, आठवड्याला २२ तासिका, सोबत कोरियन शिक्षक. भरती वर्षातून दोनदा, वसंत आणि शरद सत्रासाठी. बीएड नसेल तर किमान शंभर तासांचा इंग्रजी-अध्यापनाचा अभ्यासक्रम लागतो. तिथे आया काचेतून डोकावत नाहीत. पण सुट्टीतही रिकाम्या शाळेत खुर्ची गरम करत बसावं लागतं, आणि गाव आडवळणाचं मिळू शकतं. करार पुरा केलास तर नवीन नोकरीसाठी जुन्या मालकाचं संमतिपत्र लागत नाही. मध्येच सोडलास तर बहुधा लागतं, आणि ते देणं-न देणं बाईंच्या हातात. दोन महिने काढ म्हणते त्याचं हे दुसरं कारण. मध्ये खंड पडलाच तर नोकरी शोधण्यासाठीचा डी-१० व्हिसा असतो. फक्त एक मोह आवर: ई-२ वर असताना ओळखीच्या घरी खाजगी शिकवणी घेणं बेकायदा आहे. चार पैशांसाठी हद्दपारी ओढवून घेऊ नकोस.

तिसरा, परत जाणं. त्यात कमीपणा काही नाही. मात्र परत जायचं तर कुठे जातेयस ते बघून जा, नुसतं कशापासून निघालीस एवढंच बघून नको. शिकवणं आवडतं की नाही, हे पत्रभर तू एकदाही लिहिलं नाहीस, आणि तरी त्या जिन्यातल्या मुलाबद्दल चार ओळी लिहिल्यास. आवडत असेल तर आईबाबांच्या प्रश्नाला उत्तर आहे: तुमच्या ऑन्टारियो प्रांतात शिक्षकी परवान्यासाठीचा अभ्यासक्रम असतो (२०१५ साली तो चार सत्रांचा झाला), तिथे अर्ज करताना हे वर्ष तुझ्या बाजूने बोलेल. नसेल आवडत, तर तेही कळायला वर्ष लागलं असं समज. माझ्या मते आईबाबांना करिअरची काळजी जितकी आहे त्याहून तू एकटी जेवतेस याची जास्त आहे. ते विचारता येत नाही म्हणून हे विचारतात.

मला विचारशील तर दुसरा रस्ता. पण घाई नको. शुक्रवारी बाईंना एवढंच सांग: ‘करार पूर्ण करते. पुढच्या वर्षाचं उत्तर मला आणखी तीन आठवड्यांनी देता येईल.’ नवा माणूस आणायला त्यांना पदवीच्या अपोस्टिलपासून (परदेशात चालणाऱ्या सरकारी प्रमाणीकरणापासून) पोलीस तपासणीपर्यंत सगळी कागदपत्रं जमवण्यात महिने जातात, त्यामुळे त्या चिडतील पण थांबतील. त्या तीन आठवड्यांत पेन्शनचा उतारा आण, भाषेच्या वर्गात नाव घाल आणि खालच्या दुकानात जाऊन ‘इमो’ अशी हाक मार. हॅम वगळायला त्या शिकल्यातच, आता खेकड्याच्या नावाने घालतात ती माशाची कांडीही काढायला सांग. ‘माटसाल प्पेगो जुसेयो.’

ता. क. भारतीय पासपोर्टवर हीच नोकरी मिळेल का, असं विचारणारी पत्रं येतात, त्यांच्यासाठी. खाजगी क्लासचं दार तुम्हाला बंद आहे, कुणी एजंट काहीही म्हणो. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे सरकारी शाळांत सहायक इंग्रजी शिक्षकाची वाट उघडली आहे, पण त्यासाठी पदवीबरोबर इंग्रजी विषय शिकवण्याची अधिकृत पात्रता लागते. ती नसताना ‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.